कोकणातल्या जमिनीचा कार्बन हिशेब : मॉडेलचे आकडे तपासायचे कसे

आंब्याच्या बागेनं, भातखाचरांनी किंवा खाडीकाठच्या तिवरांनी वर्षभरात हवेतून किती कार्बन डायऑक्साइड घेतला आणि किती परत सोडला, याचे आकडे आज कुणालाही घरबसल्या उतरवून घेता येतात. अक्षांश-रेखांश दिले की आठ-आठ दिवसांची नाहीतर महिन्यांची मालिका हाती येते. हे आकडे त्या जागी कुणी मोजलेले नसतात. उपग्रहाची चित्रं, हवामानाच्या नोंदी आणि काही समीकरणं यांतून मॉडेलनं काढलेले ते अंदाज असतात. हल्ली बागायतदारांपुढे कार्बन क्रेडिटची, म्हणजे शोषलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या दाखल्यांची, भाषा बोलली जाते आणि असले अंदाज करारांत, अहवालांत जाऊन बसतात. ते आपल्या जमिनीला लागू पडतात का, हे तपासू शकणारी माणसं कोकणातच तयार व्हायला हवीत असं मला मनापासून वाटतं. एमएस्सीचा प्रकल्प करणारे, कृषी पदवीधर, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीत काम करणारे अशा नवख्यांसाठी हे लिहितो आहे. पायथन किंवा आर येत असेल तर काम लवकर होईल, पण स्प्रेडशीटवरही बरंच साधतं.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याभोवती आहेत. कोकणात जमीन आणि हवा यांच्यातली सर्वांत मोठी देवाणघेवाण पावसाळ्यात होते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत उपग्रहाला ढगांमुळे जमीन दिसत नाही आणि जमिनीवरच्या यंत्रांना पावसामुळे नीट मोजता येत नाही. म्हणजे तुलनेच्या दोन्ही बाजू अंदाजानं भरलेल्या असतात. त्या एकमेकींशी जुळल्या म्हणून मॉडेल पास झालं असं होत नाही.

पहिली पायरी : आकडा कशाचा आहे ते ओळखा

झाडं-गवत प्रकाशसंश्लेषणातून जेवढा कार्बन ओढून घेतात ते सकल प्राथमिक उत्पादन, म्हणजे जीपीपी. झाडं, मुळं आणि मातीतले सूक्ष्मजीव मिळून श्वसनातून जेवढा सोडतात ते परिसंस्थेचं श्वसन. श्वसनातून जीपीपी वजा केलं की निव्वळ देवाणघेवाण, म्हणजे एनईई, मिळते. या पद्धतीत उणे आकडा आला तर जमिनीनं कार्बन घेतला, अधिक आला तर सोडला. काही मॉडेलं मात्र जमिनीच्या बाजूनं हिशेब मांडतात आणि तिथं अधिक म्हणजे घेतला. फाइलीचं वर्णन वाचल्याशिवाय चिन्हावर विश्वास ठेवू नका. साधी खूण अशी : ऑगस्टमधल्या दुपारी हिरव्यागार खाचरावर जे चिन्ह असेल, ते त्या फाइलीत 'घेतला' या अर्थाचं असणार.

एनईई म्हणजे जमिनीत साठलेला कार्बन असंही धरू नका. भात कापून घरी नेलं, हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या, ऐन-किंजळ तोडून जळाऊ लाकूड ट्रकमधून गेलं, वणव्यात सडा जळाला, तर हा सगळा कार्बन त्या जागेवरून गेला. जमीन आणि हवा यांच्यातली देवाणघेवाण मोजणारी यंत्रं ज्या मनोऱ्यावर बसवतात, त्या टॉवरच्या एनईईत तो दिसत नाही. दोन मॉडेलं शेजारी ठेवताना एकात आग आणि तोड धरली आहे आणि दुसऱ्यात नाही, असं फार वेळा असतं. मग त्यांच्यातला फरक चूक म्हणून मोजला जातो आणि बिचाऱ्या विद्यार्थ्याचे महिने वाया जातात.

एककांचं एकदाच पक्कं करून घ्या. टॉवरची नोंद बहुधा चौरस मीटरमागे सेकंदाला मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड अशी असते. असा एक मायक्रोमोल दिवसभर चालू राहिला तर दिवसाला १.०४ ग्रॅम कार्बन होतो. चौरस मीटरमागे १०० ग्रॅम कार्बन म्हणजे हेक्टरी १ टन कार्बन, आणि कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात ३.६७ टन. करारांत आणि जाहिरातींत हा ३.६७ चा गुणक कुठे लावलाय आणि कुठे विसरलाय, हे आधी पाहा. मोडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या कॅमेऱ्यावरून काढलेल्या आठ दिवसांच्या जीपीपीत आकडा आठ दिवसांची बेरीज असतो, रोजचा दर नव्हे. वर्षाचा शेवटचा हप्ता तर पाच दिवसांचाच असतो, लीप वर्षात सहा.

दुसरी पायरी : चौकटीत कोणती जमीन आली ते जाऊन पाहा

ही पायरी संगणकावर सुरू करा, पण पायी पूर्ण करा. मोडिसचा '५०० मीटर'चा चौकोन प्रत्यक्षात सुमारे ४६३ मीटरचा असतो, म्हणजे साधारण २१ हेक्टर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात २१ हेक्टरमध्ये काय काय मावतं ते तुम्हाला माहीत आहे : वर कातळाचा सडा, उताराला काजू आणि हापूसची कलमं, खाली खाचरं, पऱ्ह्याच्या कडेनं माडा-पोफळीची आगरं, आणि खाडी जवळ असेल तर खारजमीन आणि तिवरं. मॉडेलच्या नकाशात या सगळ्याला एकच नाव दिलेलं असतं. कधी 'सॅव्हाना', कधी 'पानगळीचं जंगल', कधी 'शेती'. बारमाही हिरव्या कलमांच्या बागेला पानगळीचं जंगल समजलं, तर ते मॉडेल उन्हाळ्यात तिची पानं कागदावर गाळून टाकणार.

जागतिक मॉडेलांची गोष्ट याहून अवघड. त्यांतल्या अनेकांचा चौकोन अर्ध्या अंशाचा, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरचा असतो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली आपली पट्टी बऱ्याच ठिकाणी तेवढीच रुंद आहे. एका चौकोनात अरबी समुद्र, किनारा, खोरी आणि घाटमाथा सगळं एकत्र. काही फाइलींत आकडा फक्त जमिनीच्या भागाचा असतो, काहींत तो संपूर्ण चौकोनावर पसरलेला असतो. चौकोनाचा निम्मा भाग समुद्र असेल तर या एका फरकानं आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो. जमिनीच्या हिश्शाची वेगळी फाइल मिळते, ती उघडून बघा.

मग जागेवर जा. कुठल्या दिशेला काय आहे त्याचा हातानं नकाशा काढा. कलमं किती वर्षांची, खाचरात दुबार पीक घेतात का, सडा जाळतात का, हे मालकाला विचारा. ही माहिती कुठल्याच उपग्रहाकडे नाही.

तिसरी पायरी : मॉडेल काय पाहतं आणि काय पाहत नाही

नवशिक्यानं चार कुळं ओळखली तरी पुरे. पहिलं, प्रकाशवापरावर चालणारं, जसं मोडिसचं जीपीपी : पानांनी किती प्रकाश शोषला, त्याला एका कार्यक्षमतेनं गुणायचं आणि थंडी-कोरडेपणासाठी कात्री लावायची. दुसरं, यंत्रशिक्षणाचं, जसं फ्लक्सकॉम : जगभरच्या टॉवरांची मोजमापं आणि उपग्रहाच्या खुणा यांचं नातं शिकून ते बाकीच्या जगावर पसरवायचं. तिसरं, प्रक्रियांवर आधारलेलं : पर्णरंध्रं, मातीतलं पाणी, पानगळ, कुजणं हे सगळं समीकरणांनी चालवायचं. चौथं, उलट्या दिशेचं, जसं कार्बनट्रॅकर : हवेत मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडवरून, वाऱ्याचं मॉडेल वापरून, तो कुठून आला असेल ते शोधायचं.

प्रत्येकाची आंधळी बाजू निराळी असते. मोडिसच्या जीपीपीत कोरडेपणाची कात्री हवेच्या बाष्पदाबाच्या तुटीवर, म्हणजे हवा किती कोरडी आहे त्यावर, लागते, मातीतल्या ओलाव्यावर लागत नाही. देशावर हे बरंचसं चालून जातं, कारण तिथं माती सुकते तेव्हा हवाही कोरडी होते. किनाऱ्यावर तसं नाही. एप्रिलमध्ये देवगड-वेंगुर्ल्याकडे समुद्रावरून दमट वारा येत असतो, घामानं अंग चिकट होतं, आणि पायाखालचा जांभा मात्र कित्येक महिने कोरडा पडलेला असतो. हवा दमट म्हणून मॉडेल कात्री लावत नाही. पानं करपली, गळली, तर उपग्रहाला दिसेल आणि आकडा उतरेल. पण पान हिरवंच आहे आणि झाडानं पर्णरंध्रं मिटून घेतली आहेत, हे त्याला कळायला मार्ग नाही. किनाऱ्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत चौकोनांची एक ओळ घेऊन मार्च-एप्रिलची चूक समुद्राकडे वाढते का, हे तपासण्यासारखं आहे.

यंत्रशिक्षणाच्या मॉडेलांबाबत एकच नियम, पण कडक पाळा : ज्या टॉवरवर ते शिकलं, त्याच टॉवरवर त्याची परीक्षा घेऊ नका. शिकवणीतल्या टॉवरांची यादी मिळवा. जागतिक संचांत भारतातले टॉवर फार थोडे आहेत. म्हणजे जांभ्यावरच्या कलमांविषयी हे मॉडेल जे सांगतं ते बहुतांशी दुसऱ्या देशांतल्या झाडांवरून सांगतं.

चौथी पायरी : मोजमापाचीही परीक्षा घ्या

एडी कोव्हेरियन्सचा टॉवर सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचा उभा वेग आणि कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोजतो आणि त्यांच्या सहसंबंधातून अर्ध्या तासाचा प्रवाह काढतो. ही पद्धत उत्तम आहे, पण तिला सपाट, एकसारखी, पसरलेली जमीन आवडते. कोकण तसं नाही.

दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री मतलई वारा जमिनीकडून. टॉवर ज्या दिशेनं वारा येतो तिकडची जमीन मोजतो, आणि ढोबळ अंदाजानं यंत्राच्या उंचीच्या शंभरपट अंतरापर्यंतची. म्हणजे दिवसाचा आकडा खाडीचा आणि रात्रीचा आकडा बागेचा, असं होऊ शकतं. दोन्हींची बेरीज करून निघालेला चोवीस तासांचा हिशेब कुठल्याच जमिनीचा राहत नाही. म्हणून सगळ्यात आधी वाऱ्याच्या दिशेनुसार नोंदी वेगळ्या काढा आणि ज्या दिशेला तुमची जमीन आहे तेवढ्याच ठेवा. नोंदी निम्म्यावर आल्या तरी चालेल.

रात्रीचं दुसरं दुखणं आहे. हिवाळ्यातल्या शांत रात्री वारा पडतो, जमिनीलगतची थंड हवा उतारावरून पऱ्ह्याकडे घरंगळते आणि श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड यंत्रापर्यंत न पोचता बाजूनं निघून जातो. मोजमाप श्वसन कमी दाखवतं. यासाठी घर्षणवेगाची, म्हणजे हवा किती घुसळते आहे ते सांगणाऱ्या मापाची, एक मर्यादा ठरवून त्याखालच्या रात्रीच्या नोंदी काढून टाकतात. मर्यादा किती धरली यावर वर्षाचा आकडा हलतो, म्हणून एकच न धरता दोन-तीन मर्यादा लावून पाहा. निकाल किती हलतो ती मोजमापाची अनिश्चितता. मॉडेलची चूक तिच्या आत असेल तर मॉडेलला दोष देता येत नाही.

आणि पाऊस. हवा उघड्यावरच मोजणाऱ्या, उघड्या मार्गाच्या वायुविश्लेषकाच्या काचेवर थेंब बसले की नोंद बाद होते. किनाऱ्यावर मीठही साचतं. जून ते सप्टेंबरच्या नोंदींत मोठमोठी भगदाडं पडतात आणि ती तापमान, प्रकाश वगैरेंवरून अंदाजानं भरली जातात. फ्लक्सनेट या जगभरच्या टॉवरांच्या जाळ्याच्या पद्धतीच्या अर्ध्या तासाच्या फाइलींत दर्जाचा एक स्तंभ असतो : ० म्हणजे मोजलेलं, १ म्हणजे चांगल्या दर्जाचं भरलेलं, २ मध्यम, ३ कमकुवत. पावसाळ्याच्या प्रत्येक महिन्यात शून्याच्या नोंदी किती टक्के आहेत, याचा तक्ता पहिल्याच दिवशी करा. दिवसाच्या आणि रात्रीच्या वेगळ्या मोजा. माझ्या मते हा तक्ता अहवालातल्या सगळ्या आलेखांपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तो पहिल्या पानावर असावा.

जीपीपी टॉवर मोजत नाही, हेही ध्यानात ठेवा. तो एनईई मोजतो. रात्रीच्या श्वसनाचं तापमानाशी नातं बसवून ते दिवसावर ताणतात, आणि वजाबाकीतून जीपीपी निघतं. दुसरी पद्धत दिवसाच्या प्रकाशवक्रावरून, म्हणजे प्रकाश वाढेल तसं कार्बन घेणं किती वाढतं त्यावरून, जाते. दोन्ही वापरून पाहा. वर्षभर तापमान फारसं न बदलणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर, जिथं श्वसन तापमानापेक्षा ओलाव्यानं जास्त ठरतं, तिथं पहिली पद्धत कच्च्या पायावर उभी असते.

उष्णतेचा ताळेबंदही पाहा. सूर्याकडून आलेली निव्वळ ऊर्जा आणि टॉवरनं मोजलेले उष्णतेचे व बाष्पाचे प्रवाह जुळायला हवेत. जगभरच्या अनेक टॉवरांवर दहा ते तीस टक्के तूट असते. तुमच्याकडे याहून मोठी निघाली तर कार्बनच्या प्रवाहावरही तेवढाच संशय घ्या.

पाचवी पायरी : घड्याळ जुळवा

टॉवरची फाइल भारतीय प्रमाणवेळेत, मॉडेलची जागतिक वेळेत. फरक साडेपाच तासांचा, आणि तो 'साडे' घातक आहे. तासातासाचं मॉडेल असेल तर नुसतं पाच किंवा सहा तास सरकवून भागत नाही, अर्ध्या तासाच्या नोंदी पुन्हा जोडाव्या लागतात. नोंदीवरची वेळ अर्ध्या तासाच्या सुरुवातीची आहे की शेवटची, तेही बघा. काही मॉडेलांच्या पंचांगात २९ फेब्रुवारी नसतो.

सहावी पायरी : ऋतू वेगळे काढा

आता खरं काम. बारा महिन्यांची सरासरी घेण्याऐवजी कोकणाचं वर्ष कोकणासारखं कापा.

मृगाच्या आगेमागे. मे महिन्यातल्या वळवाच्या सरी आणि मग पहिला पाऊस. वाळलेली माती भिजते तेव्हा सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि काही दिवस मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली यावर लिहिलं आणि त्यांच्या नावानं हा परिणाम ओळखला जातो. गवत अजून उगवायचं असतं, म्हणजे घेणारं कुणी नाही आणि सोडणारे पुष्कळ. या दिवसांत एनईई ठळकपणे अधिक व्हायला हवी. महिन्याच्या सरासरीत जूनचा पहिला आणि शेवटचा आठवडा मिसळून हे पार पुसलं जातं, म्हणून इथं रोजचेच आकडे घ्या. पहिला मोठा पाऊस पडला तो दिवस शून्य धरा आणि त्याच्या आधीचे दहा आणि नंतरचे वीस दिवस शेजारी मांडा. अशी तीन-चार वर्षं एकावर एक ठेवली की मॉडेलला हा लोट माहीत आहे की नाही ते स्पष्ट दिसतं.

मात्र त्याआधी मॉडेलला दिलेला पाऊस तपासा. ईआरए५ सारख्या जागतिक पुनर्विश्लेषणाचा, म्हणजे जुन्या नोंदी आणि हवामानाचं मॉडेल जुळवून केलेल्या संचाचा, चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा. किनाऱ्यावरचा पाऊस आणि घाटाखालचा पाऊस यांत केवढं अंतर असतं ते आपण जाणतो. भारतीय हवामान विभागाच्या पाव अंशाच्या पर्जन्यनोंदी १९०१ पासूनच्या मिळतात, त्यांच्याशी आणि जवळच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघा. मॉडेलला पाऊस आठ दिवस उशिरा मिळाला असेल तर त्याच्या जीवशास्त्राला बोल लावणं अन्यायाचं होईल.

लावणीनंतर. खाचरात पाणी उभं राहतं, मातीला प्राणवायू मिळत नाही, श्वसन मंदावतं. कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात खाचर फार गुणी दिसू लागतं. त्याच वेळी चिखलातून मिथेन निघतो, तो एनईईत नसतो. खाचराला 'शोषक' म्हणण्याआधी एवढं नमूद करा. या महिन्यांत उपग्रहाच्या हिरवेपणाच्या आकड्यांसोबत येणाऱ्या दर्जाच्या नोंदी उघडा. आठवड्यामागून आठवडे ढगाळ असतील तर मालिकेत आधीच्या आणि नंतरच्या स्वच्छ दिवसांमध्ये ओढलेली रेघच उरते. तरवा कधी उपटला, लावणी कधी झाली, हे तिला माहीत नसतं. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचा रडार ढगांतून पाहतो आणि पाण्यानं भरलेलं खाचर त्यात गडद दिसतं. त्यावरून लावणीची तारीख काढून मॉडेलच्या हिरवळीच्या तारखेशी ताडता येते. शेतकऱ्यानं सांगितलेली तारीख याहूनही पक्की.

पावसाच्या उघडिपीत. ही मला सगळ्यात बोलकी कसोटी वाटते. जुलैत आपल्याकडे पाण्याची वाण नसते, वाण असते प्रकाशाची. आठवडाभर उघडीप मिळाली की खोल मातीवरची झाडं आणि खाचरातलं भात जोमानं प्रकाशसंश्लेषण करायला हवं. पाऊस थांबला म्हणजे ताण आला, असं शिकलेलं मॉडेल इथं उलट्या दिशेला जातं. सड्यावर मात्र माती वीतभरही नसते, तिथं उघडीप लांबली तर गवत खरंच माना टाकतं. म्हणजे एकाच उघडिपीत दोन जमिनींनी दोन दिशांना जायला हवं. चार-पाच वर्षांतल्या ठळक उघडिपी निवडा आणि मॉडेल कुणाला कुठे नेतं ते पाहा. रेघा जुळतात का यापेक्षा दिशा बरोबर आहे का, हा प्रश्न इथं मोठा.

हस्ताच्या सरींनंतर भात कापतात. त्या पंधरवड्यात जीपीपी झपकन खाली यायला हवं. मॉडेलचं गवतासारखं हळूहळू उतरत असेल तर त्याला कापणी माहीत नाही. कलमांचं वेळापत्रक वेगळंच असतं : पावसानंतर पालवी, मग मोहोर, एप्रिल-मेमध्ये फळ. सडा तेव्हा पिवळा पडलेला असतो आणि बाग हिरवी. मिश्र चौकोनात या दोघांची सरासरी दिसते, जी दोघांनाही लागू नाही.

मार्च ते मेमध्ये राब भाजणं आणि सड्यावरचे वणवे. लहान आगी उपग्रहाच्या जाळ्यातून निसटतात, कारण नोंद घेणारा ठिपका ३७५ मीटरचा किंवा किलोमीटरचा असतो. गावात विचारून जळालेल्या जागांची यादी करा.

तिवरांच्या जमिनीविषयी एवढंच, की तिथं भरती-ओहोटीबरोबर विरघळलेला कार्बन खाडीत वाहून जातो. हवेकडून घेतलेला सगळा कार्बन चिखलात राहिला असं टॉवरच्या आकड्यावरून म्हणता येत नाही. बहुतेक जागतिक मॉडेलांत तिवरं वेगळी धरलेलीच नसतात, त्यामुळे तिथं तुलना न केलेली बरी.

सातवी पायरी : मग आकडेमोड

इथपर्यंत आलात की सूत्रं सोपी आहेत. सरासरी चूक किती आणि कोणत्या दिशेला, ते काढा. वर्गमूळ-माध्य-वर्ग चूक (चुकांच्या वर्गांची सरासरी आणि तिचं वर्गमूळ, म्हणजे आरएमएसई) काढा, पण तिच्याबरोबर निरपेक्ष चुकीची सरासरीही द्या. टॉवरच्या नोंदींत अधूनमधून फार मोठी विचलनं असतात आणि वर्ग केल्यावर तेच सगळा निकाल ठरवू लागतात.

सहसंबंधाचा गुणांक ०.९ आला म्हणून हुरळू नका. जूनमध्ये पाऊस येतो आणि हिरवं होतं एवढं ज्याला कळतं, त्या कुठल्याही मॉडेलचा गुणांक कोकणात मोठा येणार. म्हणून आधी एक अगदी साधा प्रतिस्पर्धी तयार करा : बाकीच्या वर्षांच्या मोजमापांतून काढलेली प्रत्येक तारखेची सरासरी. तुमचं मॉडेल या सरासरीला हरवतं का? अनेकदा हरवत नाही. नंतर दोन्ही मालिकांतून ही ऋतूची चाल वजा करा आणि उरलेल्या चढ-उतारांचा सहसंबंध पाहा. मॉडेलची समज त्यात दिसते.

जीपीपी, श्वसन आणि एनईई तिन्ही वेगवेगळे तपासा. समजा, मोजमापात दिवसाचं जीपीपी ८ ग्रॅम आणि श्वसन ७ ग्रॅम आहे, तर एनईई उणे १. मॉडेल ६ आणि ५ सांगत असेल, तरी एनईई उणे १ च. निव्वळ आकडा तंतोतंत जुळला आणि दोन्ही घटक दोन-दोन ग्रॅमनी चुकले. पुढच्या वर्षी पाऊस लवकर गेला तर दोन्ही चुका सारख्या राहणार नाहीत आणि हिशेब उघडा पडेल.

ही सगळी मापं दोनदा काढा : एकदा भरलेल्या मालिकेवर आणि एकदा फक्त शून्य दर्जाच्या, खरोखर मोजलेल्या अर्ध्या तासांवर. दुसऱ्या वेळी मॉडेलमधूनही नेमके तेच अर्धे तास उचला. भरलेल्या मालिकेवर जुळणी छान आणि मोजलेल्यावर ढासळलेली, असं दिसलं तर एका मॉडेलनं दुसऱ्या मॉडेलची पाठ थोपटली, एवढाच त्या जुळणीचा अर्थ.

हवेकडून पाहणाऱ्या मॉडेलांसाठी

उलट्या दिशेच्या मॉडेलांची परीक्षा हवेतल्या नोंदींवर होते, आणि त्यातली एक जुनी जागा आपल्याच किनाऱ्यावर आहे. दक्षिण गोव्यातल्या काब द राम इथं ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या विज्ञानसंस्थेच्या जाळ्यासाठी हवेचे नमुने घेतले जात. १९९३ ते २००२ ची मालिका अभ्यासली गेली आहे. ती वापरताना वारा लक्षात घ्या. पावसाळ्यात तिथं नैऋत्येकडून अरबी समुद्रावरची हवा येते, हिवाळ्यात ईशान्येकडून देशावरची. म्हणजे कोकणातली जमीन सर्वांत जास्त कार्बन ओढते तेव्हा तिच्या खुणा घेतलेली हवा काब द रामपासून दूर, घाटाकडे निघून गेलेली असते. मॉडेल पावसाळ्यातल्या कोकणाबद्दल साफ चुकलं, तरी काब द रामच्या आकड्याशी ते सुखानं जुळू शकतं.

त्या वाऱ्याच्या वाटेवर, सुमारे १३०० मीटर उंचीवर, सिंहगड आहे. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं तिथं कार्बन डायऑक्साइडची मोजमापं केली आहेत. पावसाळी पश्चिम वाऱ्यात कोकण आणि घाटाच्या जंगलांचा ठसा तिथं उमटायला अधिक वाव आहे, अर्थात पुण्याच्या बाजूची हवा मिसळलेल्या वेळा वगळून. उपग्रहांत ओसीओ-२ हा २०१४ पासून हवेच्या संपूर्ण स्तंभातलं प्रमाण मोजतो, पण त्याचा पट्टा जेमतेम दहा किलोमीटरचा आणि ढगांपुढे तोही हतबल. पावसाळ्याची त्याची नोंद मिळाली तर ती किती बिंदूंवरून आली ते मोजा.

जवळ टॉवर नसेल तर

बहुतेकांची हीच स्थिती असेल. दूरचा टॉवर उसना घेण्याचा मोह होतो. तमिळनाडूतल्या पिचावरमच्या तिवरांत टॉवर आहे, पण तिथं मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. तिथला ऋतूचा आलेख आपल्या खाड्यांवर चिकटवता येणार नाही. दिवसातली चाल, प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद एवढंच सावधपणे घेता येईल.

त्यापेक्षा जागेवर करता येण्यासारखं बरंच आहे. मातीवर पेटी ठेवून श्वसन मोजणं, बागेत जाळ्या लावून दरमहा पालापाचोळा तोलणं, झाडांचा घेर दर वर्षी त्याच उंचीवर मोजणं, भाताचं आणि पेंढ्याचं वजन घेणं. यातलं एकही एनईई देत नाही, पण प्रत्येक मोजमाप मॉडेलच्या एकेका भागाला प्रश्न विचारतं. भाताचं दाणे-पेंढा मिळून वाळलेलं वजन घ्या, त्यातला कार्बन ढोबळमानानं ४० ते ४५ टक्के धरा, आणि मॉडेलनं खरिपात त्या खाचराला दिलेल्या जीपीपीशी ताडून पाहा. श्वसन आणि मुळं यांचा वाटा धरता जीपीपी त्या वजनातल्या कार्बनापेक्षा बरंच जास्त असलं पाहिजे. ते कमी निघालं तर पुढे काही तपासायची गरजच नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात पिकांच्या नोंदींची मोठी परंपरा आहे. तिथल्या जाणकारांशी बोला, कोणती पीकनोंद कुणाकडे मिळेल ते विचारा.

निकाल लिहिताना

'हे मॉडेल कोकणासाठी योग्य आहे' असं वाक्य लिहू नका. कोणती जमीन, कोणते महिने, कोणतं प्रमाण, ते लिहा. उदाहरणार्थ : 'खोल मातीवरच्या कलमांच्या बागेत ऑक्टोबर ते फेब्रुवारी जीपीपीची दिशा आणि आकार दोन्ही जुळतात, एप्रिल-मेमध्ये मॉडेल जास्त सांगतं, जून ते सप्टेंबर मोजलेल्या नोंदी फार थोड्या असल्यानं निर्णय देता येत नाही.' आकड्याबरोबर वर-खालची मर्यादा द्या आणि ती कशी काढली ते सांगा. काढून टाकलेल्या नोंदी आणि त्यामागची कारणं वेगळ्या फाइलीत ठेवा. वापरलेल्या मॉडेलची आवृत्ती आणि फाइल उतरवल्याची तारीख लिहा, कारण आवृत्ती बदलली की जुने आकडेही बदलतात. आणि ज्याच्या बागेत किंवा खाचरात काम केलं, त्याला निकालाचं एक पान मराठीत लिहून द्या, हेक्टरी टनांत, चिन्हांचा अर्थ स्पष्ट करून. त्याच्यापुढे उद्या कुणी कार्बनचा करार ठेवला तर त्यातला आकडा ताडून बघायला ते पान त्याच्या हाताशी असेल.